दार बंद आहे असे धरून

चहाचा कप मानसिंगच्या हातात होता आणि मानसिंग रस्त्यावर उभा होता. या दोन गोष्टींच्या मधे जे काही घडलं असेल ते त्याला आठवत नव्हतं. क्षणापूर्वी तो सांगलीच्या स्टँडासमोरच्या हॉटेलात, भिंतीकडच्या बाकावर, चहावर फुंकर घालत बसला होता. मग बाहेरून उसाचा ट्रक गेला असावा. गेलाच असणार, कारण तो अजून पुढच्या वळणावर दिसत होता आणि त्यातून पडलेला ऊस एक सायकलवाला मोठ्या निरागसपणे उचलत होता. ट्रकमुळे फळीवरच्या बरण्या किणकिणल्या असाव्यात, बाक हलला असावा, आणि चाळिशी ओलांडलेला, पदवीधर, अंगात कोट असलेला एक इंजिनिअर कपासकट बाहेर आला असावा. आत बसलेली माणसं आतच होती. कुणी भजी खात होतं, कुणी पेपर वाचत होतं. इमारतही होती तिथेच होती. मालकाने गल्ल्यावरून मान लांब करून विचारलं, की साहेब, बाहेरच बसणार असाल तर बाक टाकून देऊ का, ऊन बरं आहे. मानसिंग म्हणाला, हो, ऊन बरं आहे. जानेवारीतल्या सकाळी हे उत्तर शोभून गेलं. त्यामुळे उरलेला चहा त्याला रस्त्यावरच उभं राहून, उन्हाचा आनंद घेत असल्यासारखा चेहरा करून संपवावा लागला.

कुपवाडच्या रस्त्याला लागल्यावर सायकल मारता मारता त्याने हिशेब केला, तो त्याचा धंदाच होता. सात वर्षं झाली. सात वर्षांत माणूस कितीतरी गोष्टी विसरतो. कॉलेजात शिकलेलं कलन तो सात महिन्यांत विसरला होता. कोयनानगरचा भूकंप तर त्याला तसा आठवतही नव्हता. लोक विचारत, कसा आवाज झाला हो, जमीन कशी हलली हो, आणि तो काहीतरी सांगे, पण ते सगळं त्याने इतरांकडून ऐकलेलं होतं. त्याला आठवायचं ते दार. खात्याच्या क्वार्टरचं, खात्याच्या हिरव्या रंगाने रंगवलेलं दार. पावसाळ्यात ते फुगायचं आणि लागायचं नाही, उन्हाळ्यात आकसायचं आणि लावलं तरी उघडायचं. सुतार तीनदा येऊन रंधा मारून गेला होता. त्या पहाटे ते पहिल्यांदा नीट बसलं. चौकट एका अंगाला दबली आणि दार तिच्यात असं चपखल बसलं, की खात्याच्या कुठल्याही सुताराला तसं कधी जमलं नसतं. मानसिंग ते ओढत होता, मग लाथा मारत होता, मग त्याच्याशी बोलत होता. काय बोलत होता ते मात्र त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. शेवटी बाजूची भिंत पडली म्हणून तो बाहेर आला. भिंत पडल्यामुळे वाचलेला माणूस लोकांना समजावून सांगायला अवघड जातो. भिंत मजबूत असती तर दाराने त्याला ठेवून घेतलं असतं.

त्यानंतर त्याने खातं सोडलं आणि सांगलीत बिऱ्हाड केलं. सुला, त्याची बायको, भूकंपाच्या वेळी माहेरी होती. ती रोज रात्री दाराला आतून कडी घालायची, कडीत दांडका अडकवायची, आणि वर एकदा ओढून बघायची. सकाळी कडी काढलेली असायची, दांडका कोपऱ्यात उभा असायचा, आणि दार वितीएवढं उघडं असायचं. पहिली काही वर्षं तिला वाटलं चोर. मग तिला वाटलं, चोर असता तर एव्हाना काहीतरी नेलं असतं. मग तिने विचारणं सोडलं आणि दागिने बहिणीकडे नेऊन ठेवले. संसारात बऱ्याच गोष्टी अशाच धरून चालायच्या असतात. इंजिनिअरिंगमध्ये तर अर्ध्याहून जास्त. घर्षण नाही असं धरून, तार ताणली जात नाही असं धरून, हवा स्थिर आहे असं धरून. मानसिंगला पुष्कळदा वाटायचं, की आपण धरून चाललेल्या गोष्टी जर सगळ्या एकदम सोडल्या तर हातात काय उरेल. बहुधा सायकलचं हँडल. ते त्याने घट्ट धरलं, कारण समोर तो आता नोकरी करायचा तो भाऊसोंचा कारखाना आला होता.

भाऊसो सैन्यात हवालदार होते. तिथे त्यांनी गाड्या दुरुस्त केल्या आणि थंडी एवढी पाहिली, की पेन्शनीत आल्यावर त्यांनी कुपवाडला शेड टाकून दूध थंड करायच्या पेट्या बनवायला काढल्या. धंदा बरा चालला होता, पण भाऊसोंना डोकं होतं, आणि ते स्वस्थ बसत नव्हतं. एके दिवशी फ्रीजच्या मागे पडलेलं बूच काढताना त्यांचा हात फ्रीजच्या पाठीला लागला. पाठ गरम होती. त्यानंतर आठवडाभर ते येणाऱ्या-जाणाऱ्याला फ्रीजच्या पाठीला हात लावायला लावत होते.

"फ्रीज काय करतं?" त्यांनी मानसिंगला विचारलं होतं. "आतली गर्मी भाईर टाकतं. मग म्या म्हन्तो, त्येचं तोंड अंगनात केलं न् पाठ खोलीत केली तर? समद्या कोयनेची थंडी फ्रीजात घालायची, आन् तिची गर्मी सायबाच्या पाठीला."

मानसिंगला पुस्तकात वाचलेलं होतं, की हे असं करता येतं आणि परदेशात करतातही. पण पुस्तकात ते तीन पानं आणि एका आकृतीत होतं. भाऊसोंनी ते एका वाक्यात आणि एका जुन्या काँप्रेसरमध्ये बसवलं. विजेची शेगडी वीज जाळून ऊब देते, एका रुपयाला एका रुपयाची. भाऊसोंची पेटी विजेला हमाल म्हणून लावते. बाहेरच्या गार हवेत जी काही थोडीफार ऊब सांडलेली असते ती हा हमाल वेचून आत आणून टाकतो. हमालाची मजुरी उबेपेक्षा स्वस्त पडते. एवढंच त्यातलं शास्त्र. मुंबईच्या एका थेटरात भाऊसोंनी छताला पत्र्याचे बोगदे बघितले होते, त्यांतून गार हवा यायची. तसलं काही इथे नव्हतं. भिंतीला भोक पाडायचं, पेटी बसवायची, निम्मी आत, निम्मी बाहेर. आणि फारच थंडी पडून हमाल दमला तर मदतीला पेटीतच एक लहानशी तार बसवली होती. ती शेगडीसारखी तापायची. भाऊसो तिला जावई म्हणत. एरवी स्वस्थ असतो, पण ताटावर बसला म्हणजे खर्च सुरू.

कोयनानगरला खात्याच्या गेस्ट हाऊसात आणि साहेबलोकांच्या बंगल्यांत हिवाळाभर शेगड्या चालत. एवढी वीज जिथे तयार होते तिथे ती जपून वापरायची असा वरून हुकूम आला होता, कारण सगळीकडेच टंचाई होती. तिथले कार्यकारी अभियंता लालासाहेब म्हणून होते. नावातच साहेब असल्यामुळे त्यांना हाक मारताना हाताखालच्या माणसांची पंचाईत व्हायची; एक साहेब म्हटलं तर नुसतं नाव घेतल्यासारखं आणि दोनदा म्हटलं तर तोतरं बोलल्यासारखं. लालासाहेबांनी सांगितलं होतं, की एक पेटी आणा, शेजारच्या खोलीत शेगडी ठेवा, दोघांना वेगळे मीटर लावा. वीज तिसऱ्या हिश्श्याने कमी लागते असं दाखवा, दहा पेट्या घेतो. आणि खोल्यांत माणसं झोपली पाहिजेत. रिकामी खोली काय, कुणीही गरम ठेवेल.

"आकडा पायजे, मानसिंगराव," भाऊसो म्हणाले. "पेटी कोनबी करंल, आकडा तुमच्याबिगर हुनार न्हाई. तिसरा हिस्सा निगाला तर शेड ऱ्हाईल. न्हाई निगाला तर म्या हितं पिठाची गिरन टाकतो, आन् तुमी उंब्रजला जावा."

उंब्रज म्हणजे थोरला भाऊ आप्पासो. आप्पासोचा ऊस होता, विहीर होती, विहिरीवर मोटर होती. मानसिंगने खात्याची नोकरी सोडली तेव्हापासून आप्पासो फार प्रेमाने त्याची वाट बघत होता. तो कधी टोचून बोलायचा नाही. चारचौघांत नुसता म्हणायचा, की आमच्यात एक इंजिनिअर हाय, एकदा गावाकडं आला म्हंजी मोटर चालू कराय मानूस ठेवाय नको. मानसिंगला ती मोटर दिसायची. हिरवी मूठ दाबायची, पाणी सुरू. लाल मूठ दाबायची, पाणी बंद. मधल्या वेळात बांधावर बसायचं आणि येणारे-जाणारे विचारणार, काय इंजिनिअर, पानी सोडलं का. उरलेलं आयुष्य दोन मुठींत.

म्हणून कऱ्हाडला एस.टी. बदलून पाटणवरून कोयनानगरला जाणाऱ्या गाडीत बसताना, ही गाडी उंब्रजवरून जात नाही या एका गोष्टीचं त्याला बरं वाटलं. घाट लागला तेव्हा मात्र बरं वाटणं संपलं. वळणावळणावर गाडीच्या काचा थरथरत होत्या आणि प्रत्येक थरथरीला त्याचा हात आपोआप पुढच्या सीटच्या दांडीवर जात होता. शेजारची म्हातारी त्याला म्हणाली, की पोटात ढवळत असंल तर खिडकीकडं सरका. तो सरकला. गाडीचा दरवाजा तुटला होता आणि सुतळीने बांधून ठेवला होता. सगळ्या गाडीत त्याला विश्वास वाटावा अशी ती एकच वस्तू होती.

गेस्ट हाऊस नव्याने बांधलं होतं, हलकं, वर पत्रा, भिंती बेतानेच उंच. म्हणजे पुन्हा पडलंच तर कमी पडावं. शेजारशेजारच्या दोन खोल्या एकाच मापाच्या. एकीत पेटी बसवली, दुसरीत शेगडी ठेवली. पेटीच्या खोलीत मानसिंगने झोपायचं ठरलं. शेगडीच्या खोलीत खात्याच्या वतीने साक्षीदार म्हणून ओव्हरसियर नानासो. नानासो जतकडचा, धनगराच्या घरातला, गड्याचा आवाज असा की पलीकडच्या डोंगरावरची मेंढरं वळावीत, आणि स्वभाव असा की मेंढरांनाही तसदी देऊ नये. त्याने आल्या आल्या पेटीभोवती एक चक्कर मारली, तिच्या पाठीला हात लावला, आणि गाठोड्यातून आईने विणवून घेतलेली दोन काळी घोंगडी काढून एक मानसिंगला दिलं. "असू द्या," तो म्हणाला. "पेटीवर माजा इस्वास हाय. पर रातीचा म्हंजी इस्वासबी गार पडतो." गेस्ट हाऊसचा राखणदार कोंडीबा चहा घेऊन आला. दोन्ही खोल्यांचा पारा बावीस अंशांवर ठेवायचा, सकाळी मीटर वाचायचे, असं काम सुरू झालं. मानसिंगने कागदावर वर मोठ्या अक्षरांत लिहिलं: दार बंद आहे असे धरून.

पहिल्या सकाळी दोन्ही मीटर जवळजवळ सारखे फिरलेले निघाले. दुसऱ्या सकाळी पेटीचा मीटर थोडा जास्तच फिरलेला होता. म्हणजे जावई रात्रभर ताटावर बसून होता. मानसिंगने पेटी उघडली, तेल बघितलं, वायू बघितला, काँप्रेसरला कान लावला. काँप्रेसर बिचारा प्रामाणिकपणे घरघरत होता. त्याने गणित पुन्हा केलं. भिंतीतून जाणारी ऊब, पत्र्यातून जाणारी ऊब, फटींतून जाणारी, श्वासातून येणारी. बाहेर अंगणात उन्हात बसून तो हे करत होता आणि त्याला सगळीकडून ऊब निसटताना दिसू लागली. कोंडीबाच्या उघड्या टाळूतून जात होती. चहाच्या किटलीतून जात होती. सुलाशी तो रोज दोन वाक्यं बोलायचा, त्यातली एक जात होती. लग्नाला सोळा वर्षं झाली. एवढ्या मोठ्या खोलीत एवढी लहान शेगडी, त्यातून कोण जाणे कुठली फट. त्याने तो विचार मागे लोटला आणि भागाकार केला. भागाकाराने उत्तर दिलं, की एवढी ऊब जाते आहे म्हणजे भिंतीला साधारण दाराएवढं भोक असलं पाहिजे.

मग त्याला आठवलं, की सकाळी उठल्यावर दार उघडं होतं, आणि आपटू नये म्हणून त्याला धोंडा लावलेला होता. आदल्या सकाळीही होता. रात्री आपण बोल्ट घातला होता हे त्याला पक्कं आठवत होतं. म्हणजे कोंडीबा. खोल्या हवेशीर ठेवायची राखणदारांना खोड असते. त्याने कोंडीबाला बोलावून चांगल्या शब्दांत समज दिली, की हे शास्त्रीय काम आहे, इथे उगीच दारं उघडू नयेत.

कोंडीबाने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सायेब, दार तुमीच उगडता. पाटंचं उटता, बोल्ट काडता, धोंडा लावता, न् परत निजता. मी वट्ट्यावरनं बगतो की. हाक मारली तर व्हय म्हन्ता. मला वाटलं, शास्त्रातच हाय."

मानसिंगने नानासोकडे पाहिलं. नानासो आपल्या खोलीच्या दारापाशी उभा होता. त्या दारालाही धोंडा होता. नानासो फार बारकाईने आकाशातल्या एका घारीकडे बघत होता. घारीवरची नजर न काढता तो म्हणाला, की त्याच्या गावाकडे मुळी दारं लावायची पद्धतच नाही, मेंढरं असतात. मग घार निघून गेली, आणि तो हळू आवाजात म्हणाला, की त्या साली तो इथेच नोकरीला होता. थोरला भाऊ एका खोलीत होता आणि तो दुसऱ्या. भावाच्या खोलीचं दार चांगलं होतं. एवढंच म्हणाला. मानसिंगला पुढचं विचारावं लागलं नाही.

खरं तर कोयनानगरात सगळ्यांचीच दारं अशी होती. त्या दिवशी संध्याकाळी फिरायला म्हणून तो वसाहतीतून हिंडला. घराघरात दिवे लागले होते, शेगड्या लाल झाल्या होत्या, आणि दार प्रत्येकाचं वितीएवढं किंवा हातभर उघडं होतं. कुणी विटेने अडवलेलं, कुणी पाचरीने, एका हेडक्लार्कने गॅझेटांच्या गठ्ठ्याने. आत स्वेटर घातलेली माणसं शेगडीभोवती कुडकुडत बसली होती आणि बाहेर कोयनेचं खोरं तापत होतं. खात्याची वीज शेगड्यांतून दारांत, दारांतून दरीत चालली होती, आणि दरीला तिचा काही उपयोग नव्हता. हे सगळं सात वर्षं चाललं होतं आणि कुणीही त्याबद्दल बोलत नव्हतं. लाजायचं ते एकमेकांना. मानसिंगला एकदम फार हलकं वाटलं. आपण एकटे नाही, आपलं एक अख्खं गाव आहे. मग लगेच फार जड वाटलं, कारण त्या गावात तिसरा हिस्सा निघणं शक्य नव्हतं.

त्याने आणि नानासोने ठराव केला. शास्त्रासाठी दोघांनी दारं बंद करून झोपायचं. दोघेही एकमेकांना जरुरीपेक्षा मोठ्याने म्हणाले, की त्यात काय एवढं. मानसिंगने बोल्ट घातला आणि अंथरुणावर पडला. बोल्ट समोर चकाकत होता. पितळी, नवा. त्याने कुशी बदलली तर बोल्ट मानेच्या मागे आला. छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं झालं. त्याने स्वतःला आप्पासोची मोटर दाखवली, हिरवी मूठ, लाल मूठ, बांध. बांध उघड्यावर होता. बांधाला दार नव्हतं. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला उंब्रज रमणीय वाटलं, तेव्हा त्याने ओळखलं की हे काही खरं नाही. तो उठला, बोल्ट काढला, दार भिंतीपर्यंत नेऊन धोंडा लावला. मग नानासोला काय वाटेल हे मनात आलं. ठराव आपण मोडला हे त्याला दिसता कामा नये. चौकटीला कधीच्या काळचे दोन खिळे होते. त्याने अंगावरचं घोंगडं काढलं आणि दारावर टांगलं. खाली जमिनीला टेकलं, दोन्ही बाजूंनी चौकट झाकली. बाहेरून काळोखच दिसला असता. घोंगडं असं होतं, की त्याला नुसती बोटाची टोचणी दिली तरी ते बाजूला व्हावं. त्याने टोचून बघितलं. मग पुन्हा टोचून बघितलं. मग तो झोपला, आणि इतका गाढ झोपला की पहाटे उठून काही उघडायचं राहून गेलं.

सकाळी पेटीचा मीटर जेमतेम हललेला होता. हमालाने काम केलं होतं आणि जावई जागचा उठला नव्हता. शेगडीचा मीटरही कमी होता, पण पेटीचा त्याहून कितीतरी कमी. मानसिंगने भागाकार तीनदा केला. तिसरा हिस्सा निघत होता; वर चिमूटभर उरतही होता. त्याने नानासोचं अभिनंदन केलं, की तुम्ही दार बंद ठेवलंत म्हणून हे झालं. नानासोने त्याचं अभिनंदन केलं. असे ते रोज सकाळी एकमेकांचं अभिनंदन करत राहिले, रोज आकडा तोच येत राहिला, आणि दोघांचेही चेहरे रोज थोडे जास्त उतरत गेले. शेवटी एके सकाळी वाऱ्याने नानासोच्या खोलीचं घोंगडं फुगलं, आणि चौकटीतून बाहेर येऊन दोन्ही हात हलवल्यासारखं मानसिंगला दिसलं. मागे दार भिंतीला टेकून उभं होतं. मानसिंग आपल्या खोलीपाशी गेला आणि आपलं घोंगडं स्वतःच वर करून धरलं. नानासोने बघितलं. मग दोघेही वट्ट्यावर बसले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. कोंडीबाने चहाबरोबर दोघांना एकेक लिंबाची फोड आणून दिली; त्याला वाटलं पित्त झालं असावं.

लालासाहेब एका सकाळी, धुकं अजून अंगणात बसलेलं असताना, जीपने आले. मफलर, टोपी, हातात कातडी बॅग. साताऱ्याहून बदली होऊन त्यांना दोनच वर्षं झाली होती. कागद बघितला, मीटर बघितले, पारा बघितला, मान डोलावली. मानसिंगच्या खोलीत त्यांनी कोट काढला आणि म्हणाले, वा, ऊब छान आहे. मग ते दाराकडे वळले आणि त्यांना दाराच्या जागी घोंगडं दिसलं.

"हे काय?"

"घोंगडं," मानसिंग म्हणाला.

"ते दिसतंय. दार कुठाय?"

"दार भिताडाला हाय सायेब," नानासो म्हणाला. "निवांत हाय."

लालासाहेबांनी घोंगडं उचललं, धोंडा पाहिला, कागदावरचं वाक्य पाहिलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर सोपं झालं असतं. त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं, की घोंगडं ही वस्तू खात्याच्या दरपत्रकात नाही. इमारतीला भिंत असते, खिडकी असते, दार असतं, घोंगडं नसतं. त्यामुळे घोंगड्यासकटचा आकडा त्यांना वर पाठवता येत नाही. आकडा चांगला आहे, यंत्र चांगलं आहे, पैसे मंजूर आहेत. कागदावर दार बंद असं लिहिलेलंच आहे, ते तसंच राहू द्या. आत्ता सही करतो, दहा पेट्या. उरलं दारांचं, त्यासाठी परिपत्रक काढतो. शेगडी असो की पेटी, वसाहतीत रात्री दारं बंद राहतील. कोंडीबासारखे राखणदार फिरतील, आणि जे उघडं दिसेल ते बाहेरून ओढून घेतील. कडी घालतील.

त्यांनी पेनचं टोपण काढलं. मानसिंगसमोर सगळं स्वच्छ मांडलेलं होतं. एका बाजूला शेड, भाऊसो, सुला, सांगली. दुसऱ्या बाजूला बांध. मधे पाच शब्दांचं एक वाक्य, आणि तेही खोटं नव्हे, नुसतं धरून चाललेलं. सबंध शास्त्र अशाच वाक्यांवर उभं होतं. गप्प बसलं की झालं. गप्प बसणं त्याला चांगलं येत होतं. आणि मग त्याला कडीचा आवाज ऐकू आला, बाहेरच्या कडीचा. हेडक्लार्कच्या दाराच्या, नानासोच्या दाराच्या, एकामागून एक, साऱ्या वसाहतीतून. तो बोलायला लागला तेव्हा त्याच्या तोंडून कॉलेजातली भाषा निघाली नाही.

"साहेब, दार बंद लिवलं तर बंद ठेवाय लागंल. आन् ते ऱ्हानार न्हाई. दार ऱ्हायलं तर आत मानूस ऱ्हानार न्हाई. मी ऱ्हायलो न्हाई." त्याने कागद ओढून घेतला आणि वरचं वाक्य खोडलं. "आकडा घोंगड्याचा हाय. घ्यायचा तर घोंगड्यासकट घ्या."

लालासाहेब म्हणाले, की तुमच्यासारखी शिकलेली माणसं असं म्हणायला लागली तर कठीण आहे. सात वर्षं झाली. कधीतरी सुरुवात करायला नको? त्यात काय एवढं? त्यांनी पायाने धोंडा सरकवला, घोंगडं खिळ्यांवरून काढून नानासोच्या हातात दिलं, दार ओढून घेतलं आणि बोल्ट घातला. हे असं, ते म्हणाले.

खोलीत तिघे होते. पेटी घरघरत होती. मानसिंग पाऱ्याकडे बघत होता, कारण बोल्टकडे बघायचं नव्हतं. नानासोने घोंगडं छातीशी धरलं होतं, लहान कोकराला धरावं तसं. लालासाहेब मधोमध, हात मागे बांधून, परिपत्रकासारखे उभे होते. त्यांनी खिडकीकडे बघितलं. खिडकीला गज होते. त्यांनी वर पत्र्याकडे बघितलं. मग बोल्टकडे. मफलर सैल केला. मग काढून खिशात घातला. मानसिंगने पाहिलं, की पारा बावीसवर स्थिर होता आणि लालासाहेबांच्या कपाळावर घाम होता. साताऱ्यातही त्या पहाटे माणसं रस्त्यावर आली होती, हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं. कोण कुठल्या दारातून आलं आणि कोण कुठे राहिलं, हे साताऱ्याच्या माणसाला कुणी कधी विचारलं नव्हतं. लालासाहेबांच्या ओठांची हालचाल होत होती. मानसिंगला ती ओळखीची वाटली. ते दाराशी बोलत होते.

"फार गरम होतंय हो," लालासाहेब म्हणाले. "यंत्र चांगलंच आहे." आणि त्यांचा हात बोल्टवर गेला. बोल्ट नवा होता, जरा घट्ट बसायचा. त्याला दुसरा झटका द्यावा लागला तेव्हा मानसिंग आणि नानासो दोघांचेही हात मदतीला एकाच वेळी तिथे पोचले. तीन माणसांनी मिळून एक बोल्ट काढला.

बाहेर धुकं होतं आणि अंगाला सुया टोचाव्यात अशी थंडी. लालासाहेबांनी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवला. खोडलेल्या वाक्याच्या वर त्यांनी आपल्या सुरेख अक्षरात लिहिलं: दार उघडे, घोंगडे बंद. खाली सही केली. दरपत्रकाचं काय, असं नानासोने भीत भीत विचारलं, तेव्हा ते म्हणाले, की दाराचे पडदे म्हणून बसवता येतील, तेवढं आम्ही बघतो. तुम्ही भाऊसोंना सांगा, दहा पाठवा.

मानसिंगने हो म्हटलं. मग कोंडीबाने विचारलं, की चहा कुठं देऊ, आत का. लालासाहेब म्हणाले, आतच बसू या, थंडी फार आहे. चला, मानसिंगराव. मानसिंग म्हणाला, तुम्ही व्हा पुढे, साहेब. नानासोने घोंगडं पुन्हा खिळ्यांना टांगून दिलं आणि मागे सरून वाट दिली. तिघांनी एकमेकांना वाट दिली. खोली आत बावीस अंशांवर मस्त तापलेली होती, हमाल वेचून वेचून ऊब आणत होता, आणि तिघेही अंगणात, हात काखेत घालून, पहिलं कोण जातं ते बघत उभे होते.